आवाज थांबले, तरी ऐकणं वेगळंच राहतं

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे कान तपासले की बहुतेक वेळा रिपोर्ट नॉर्मल येतो. बंद खोलीत बसवतात, हेडफोनमधून बारीक बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आलेख २५ डेसिबलच्या आत राहतो आणि घरचे बुचकळ्यात पडतात. कान चांगले आहेत, मग हाक मारली तर ओ का देत नाही? आणि कुणी काही बोललेलं नसताना उत्तर कुणाला देतो? पुढे दोनच निष्कर्ष निघतात. एक तर ‘नाटकं करतो’, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी आहे’.

खरा फरक कानाच्या पुढे आहे. कानात शिरलेल्या आवाजाचा अर्थ लागेपर्यंत मेंदू बरीच कामं बिनबोभाट उरकतो. तोच तोच आवाज आला की दुर्लक्ष करायचं, त्यात काही बदललं की दखल घ्यायची, कुठला आवाज आपला आणि कुठला दुसऱ्याचा हे वेगळं ठेवायचं, सूर चढला की उतरला ते ओळखायचं. यातली कुठलीही गोष्ट आपण ठरवून करत नाही. स्किझोफ्रेनियात या कामांमध्ये फरक पडतो, आणि तो मोजता येतो. भासांबद्दल सगळेच बोलतात (साधारण १०० पैकी ७० पेशंटना कधी ना कधी आवाज ऐकू येतात), पण इथे मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. साधी ‘बीप’ ऐकतानाही हा मेंदू वेगळा वागतो, आणि गोळ्यांनी भास थांबले तरी हा फरक बराचसा तसाच राहतो.

बदल ओळखण्यापासून सुरुवात करू, कारण त्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. लोकलमध्ये पेपरात डोकं घालून बसलेल्या माणसाला चाकांचा ठेका ऐकू येत नसतो, म्हणजे येत असतो पण जाणवत नसतो. गाडीने रूळ बदलले, ठेका मोडला, की तो मान वर करतो. मान वर होण्याच्या आधीच मेंदूने ‘काहीतरी वेगळं झालं’ अशी नोंद केलेली असते. या नोंदीची विद्युत खूण म्हणजे ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’. फिनलंडचे रिस्टो न्यातानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तिचं वर्णन केलं. बदल झाल्यापासून साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत ती दिसते, आणि त्यासाठी लक्ष द्यावं लागत नाही. पेशंट कंटाळलेला असो, रुसलेला असो, सूचना पाळत नसो, तरी मोजता येते. म्हणून तर ही चाचणी संशोधकांची लाडकी.

मोजतात कसं ते जरा तपशिलात. डोक्याला इलेक्ट्रोडची (मेंदूतली वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्यांची) टोपी घालतात. त्यातली महत्त्वाची जागा कपाळाच्या वर, मधोमध. एक इलेक्ट्रोड नाकाच्या शेंड्यावर संदर्भासाठी, आणि दोन्ही कानांमागच्या हाडांवर एकेक. कानात १००० हर्ट्झचा सूर वाजतो, ५० मिलिसेकंद लांबीचा, दर अर्ध्या सेकंदाला एक. एकूण सूर दोन हजार, त्यातले शंभरातले नव्वद असेच. उरलेले दहा मध्येच कुठेतरी पेरलेले, तेच पण १०० मिलिसेकंद लांबीचे. दोन लांब सुरांच्या मध्ये निदान दोन-तीन साधे सूर यायलाच हवेत, नाहीतर ‘नेहमीचं काय’ हेच मेंदूत ठरत नाही. समोर आवाज बंद केलेलं कार्टून लावतात आणि सांगतात, सुरांकडे लक्ष देऊ नका, मोजू तर मुळीच नका. शेवटी लांब सुरांच्या सरासरीतून साध्या सुरांची सरासरी वजा करायची. उरतं ते हवंय.

दोन हजार सूर कशाला लागतात, असं विचारतात. साधा हिशोब आहे. एका सुरामागे हाती लागणारा सिग्नल तीन-चार मायक्रोव्होल्टचा, आणि डोक्यातली बाकीची विद्युत खळबळ सहज वीस मायक्रोव्होल्टची. सरासरी काढली की खळबळ नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. लांब सुरांचे २०० नमुने घेतले तर ती चौदा पटीने घटून दीड मायक्रोव्होल्टच्या आत येते, आणि सिग्नल डोकं वर काढतो. दहा टक्क्यांनी २०० हवेत म्हणजे एकूण २००० सूर, अर्ध्या सेकंदाला एक, म्हणजे सतरा मिनिटं. त्यात डोळ्यांची उघडझाप झालेले नमुने फेकून द्यावे लागतात. एका उघडझापीची लाट १०० मायक्रोव्होल्टच्या वर जाते. पेशंटच्या पापण्या जास्त लवतात, त्यामुळे त्याचे नमुने जास्त फेकले जातात, आणि इथे एक छुपी चूक होते. नमुने कमी उरले की आलेखाचं टोक खळबळीमुळे फुगतं. टोकाची उंची मोजली तर पेशंटचा सिग्नल आहे त्याहून मोठा दिसतो आणि खरा फरक झाकला जातो. म्हणून टोक मोजण्याऐवजी ठरलेल्या खिडकीतली सरासरी घ्यावी. दुसरी चूक वेळेची. सूर लांबलाय हे कळतं तेच ५० व्या मिलिसेकंदाला, जेव्हा तो थांबायला हवा होता पण थांबत नाही. खिडकी सुराच्या सुरुवातीपासून मोजून फार अलीकडे ठेवली तर अर्धा सिग्नल बाहेरच राहतो.

मुंबईत याखेरीज दोन शत्रू. पहिलं खोबरेल तेल. तेल चोपडलेल्या केसांत जेल नीट बसत नाही, इलेक्ट्रोडचा रोध ५ किलोओहमच्या खाली उतरत नाही, आणि ५० हर्ट्झची विजेची गुणगुण आलेखभर पसरते. आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नाही, कंडिशनर नाही, हे फोनवर दोनदा सांगावं लागतं. आई तरीही ‘बाहेर जायचंय’ म्हणून मुलाच्या डोक्याला बोटभर तेल लावून आणते. दुसरा शत्रू घाम. मे महिन्यात स्टेशनपासून चालत आलेल्या माणसाला लगेच खुर्चीत बसवलं तर आलेख संथपणे वर-खाली डोलत राहतो. वीस मिनिटं पंख्याखाली बसू द्यावं. घामात जेल सैल होऊन शेजारच्या इलेक्ट्रोडपर्यंत ओघळलं तर दोन जागा एकच होऊन बसतात, आणि आलेख मात्र संशय यावा इतका छान दिसतो.

कानांमागचे इलेक्ट्रोड कशाला? खरी मिसमॅच निगेटिव्हिटी कपाळाच्या वर ऋण आणि कानामागे धन दिसते, कारण तिचा मोठा स्रोत कानांच्या वर आत दडलेल्या श्रवणपटलात, म्हणजे मेंदूच्या ऐकणाऱ्या भागात आहे. कानामागे ती उलटी झाली नाही तर बहुधा गडी कार्टून सोडून सूर मोजत बसलाय.

स्किझोफ्रेनियात हा सिग्नल लहान असतो, हे पहिल्यांदा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ मध्ये बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज झाली, तेव्हा पेशंट आणि निरोगी अशा दोन गटांच्या सरासरीत साधारण एका प्रमाण विचलनाचा (माणसामाणसांत एरवी असणाऱ्या तफावतीचं हे माप) फरक निघाला. मानसोपचारात इतका फरक म्हणजे पुष्कळ. पण त्याचा दुसरा अर्थही बघा. फरक एक प्रमाण विचलनाचा असेल तर १०० निरोगी माणसांपैकी साधारण १६ जणांचा सिग्नल सरासरी पेशंटपेक्षाही लहान निघणार. म्हणजे या चाचणीवरून एकट्यादुकट्या माणसाचं निदान होत नाही. निदान होतं ते बोलून, इतिहास घेऊन, महिनोन् महिने बघून. ‘ब्रेन मॅपिंग’ करून लाल-निळ्या रंगांचा नकाशा हातात ठेवणारे आणि त्यावरून स्किझोफ्रेनियाचं निदान सांगणारे भेटतात. ते पैसे औषधांना ठेवा.

सिग्नल लहान का होतो, याचं सगळ्यात भक्कम उत्तर ग्लुटामेट नावाच्या रसायनाकडे बोट दाखवतं. ते पकडणारे एनएमडीए नावाचे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूच्या पेशींवर असतात. निरोगी माणसाला केटामीन देऊन ते थोडा वेळ अडवले की त्याचीही मिसमॅच निगेटिव्हिटी खाली येते. स्किझोफ्रेनियावरच्या नेहमीच्या गोळ्या मात्र मुख्यतः डोपामीनवर काम करतात. भास, संशय ओसरतात, पण बदल ओळखण्याची ही यंत्रणा फारशी सुधारत नाही. घरचे म्हणतात, ‘आता आवाज येत नाहीत ना, मग असा का वागतो?’ त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं सुरात आहे. ऐकवलेले दोन सूर सारखे की वेगळे, एवढंच सांगायचं. प्रत्येक सूर १०० मिलिसेकंद, मध्ये अर्धा सेकंद शांतता, आणि फरक कधी ५० टक्के, कधी अडीच. हार्मोनियमवर शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीत फरक साधारण ६ टक्के असतो, म्हणजे अडीच टक्के हा त्याच्या निम्म्याहून कमी. पेशंटना सरासरीने जास्त मोठा फरक लागतो. गंमत म्हणजे तेवढा मोठा फरक दिला की सूर लक्षात ठेवण्यात ते फारसे मागे पडत नाहीत. गडबड आठवणीत नाही, पहिल्या नोंदीतच आहे.

आता हा बीपचा खेळ घरात आणा. ‘आलास?’ हा एक शब्द घ्या. सूर वर गेला तर आनंद. सपाट राहिला तर चौकशी. वरून खाली दाणकन आपटला तर ‘किती वाजले बघ’. शब्द एकच, अर्थ पूर्ण सुरात. आणि आपली भाषा तर टोमण्यांची! ‘वा, फारच लवकर उठलात!’ हे सकाळी अकराला म्हटलं की मराठी घरात कुणालाही कळतं. ज्याला सुराची चढउतार नीट पकडता येत नाही तो यातले शब्द घेतो आणि सूर सोडतो. कौतुक समजून हसतो, मग पुन्हा बोलणी खातो. किंवा उलटं, काळजीच्या सुरात राग ऐकतो. सुरातला फरक ओळखण्याची चाचणी ज्यांना जड गेली त्यांना आवाजातली भावना आणि उपरोध ओळखणंही जड गेलं, हे अभ्यासांत दिसलंय. घरच्यांनी करायचं ते सोपं आहे, फक्त सवय मोडावी लागते. भावना शब्दांत सांगायची. ‘मी चिडलेली नाही. जेवायला बस. वाढलंय.’ छोटी वाक्यं, मध्ये थांबून. मोठ्याने बोलून उपयोग नाही. आवाज वाढवला की सूरही चढतो, आणि तो रागासारखाच ऐकू येतो.

दुर्लक्ष करण्याच्या कामाची चाचणी वेगळी. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन ‘टक्’ वाजवायचे, मग आठ-दहा सेकंद थांबून पुन्हा दोन. पहिल्या ‘टक्’नंतर सुमारे ५० मिलिसेकंदांनी एक छोटी लाट दिसते. निरोगी मेंदू दुसऱ्या वेळी ती निम्म्याहून खाली दाबतो. स्किझोफ्रेनियात हे दाबणं कमी पडतं, हे १९८२ पासून माहीत आहे. दोन जोड्यांमधला वेळ कापून चाचणी उरकली तर पहिल्या ‘टक्’लाच मेंदू थकलेला सापडतो आणि गुणोत्तराला अर्थ राहत नाही. दुसरी गडबड तंबाखूची. निकोटिन पोटात गेलं की हे दाबणं थोड्या वेळापुरतं सुधारतं. म्हणून चाचणीआधी ‘सिगारेट ओढता का?’ एवढं विचारून भागत नाही, विडी, तंबाखू, मिश्री सगळं विचारायला हवं. मिश्री लावणाऱ्या बाई ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

विडीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो, चाचणीपेक्षा महत्त्वाची आहे. विडी-सिगारेटच्या धुराने यकृत क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं जास्त वेगाने पचवतं. निकोटिनने नव्हे, धुराने. वॉर्डात भरती झाल्यावर विडी अचानक बंद झाली की क्लोझापीनची रक्तातली पातळी काही दिवसांत चांगलीच चढते. पेशंट गुंगतो, लाळ गळते, फिटही येऊ शकते. विडी सोडणं उत्तमच, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस वेळेत कमी करता येतो. मिश्री किंवा तंबाखूने असं होत नाही, कारण त्यात धूर नाही.

सेकंदाला ४० वेळा वाजणाऱ्या ‘टक्’च्या मागे मेंदूने ताल धरायचा असतो, त्यातही पेशंटचा मेंदू मागे पडतो. १९९९ पासून हे वारंवार दिसलंय, आणि संशय मेंदूतल्या वेगवान ब्रेक लावणाऱ्या पेशींवर आहे. प्रयोग करणाऱ्यांसाठी एकच सूचना. आपली वीज ५० हर्ट्झची. गुणगुण काढायला लावलेला फिल्टर रुंद ठेवलात तर तो ४० लाही खातो, आणि निरोगी माणूसही पेशंटसारखा दिसायला लागतो.

आता आपला आवाज आणि परका आवाज. आपण बोलायला लागतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच कळवतो की हा आवाज आपलाच येतोय. त्यामुळे स्वतःच्या बोलण्याला श्रवणपटल दबकं उत्तर देतं. बोलताना आवाजानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी येणारी लाट तेच बोलणं रेकॉर्ड करून ऐकवल्यावर येणाऱ्या लाटेपेक्षा लहान असते. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. स्किझोफ्रेनियात लाटेतला हा फरक कमी होतो, म्हणजे आगाऊ निरोप नीट पोचत नाही. मनातल्या बोलण्यालाही हेच लागू असेल तर आपलाच विचार परक्याचा म्हणून ऐकू येईल, अशी ही मांडणी. पटण्यासारखी आहे, पण पुरी पडत नाही. दोन जण आपल्याबद्दल तिसऱ्यासारखं बोलताहेत, तेही अनोळखी आवाजात, हे तिच्यात सहज बसत नाही. एवढं मात्र खरं की भास चालू असताना श्रवणपटलाचा भाग जागा असतो. ‘ऐकू येतंय’ म्हणणारा माणूस कल्पना सांगत नाही. त्याला ऐकू येतं.

काय ऐकू येतं, यावर माणूस वाढला त्या समाजाची छाप असते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणच्या प्रत्येकी २० जणांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले लोक परक्या, हिंसक आवाजांबद्दल बोलले. चेन्नईत अनेकांना नात्यातल्या माणसांचे आवाज येत होते, कामं सांगणारे, रागावणारे. मराठी घरातही ‘आंघोळ कर, दार लाव’ असं सांगणारा वारलेल्या आजीचा आवाज कुणाला आजार वाटणार? पेशंटलाही वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. ‘भास होतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘घरातलं कुणी नसताना त्यांचं बोलणं ऐकू येतं का?’ याला पटकन ‘हो’ म्हणतो.

काहींना आवाज दुसऱ्या खऱ्या आवाजाच्या सोबतीनेच येतात. नळ सुटला, पिंपात पाणी पडायला लागलं की त्या धारेसोबत बोलणं सुरू, नळ बंद की बोलणंही बंद. पंखा, एक्झॉस्ट, पावसाची संततधार, सगळ्यांचं तेच. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्हीवर मालिका, मिक्सर, कुकर आणि खालचा लाउडस्पीकर एकदम चालू असताना औषध नीट चालू असलेला माणूसही चिडचिडा होतो. शांतता मुंबईत विकत मिळत नाही, पण एका वेळी एकच आवाज एवढं घरात जमतं. त्याच्याशी बोलायचं तर आधी टीव्ही बंद, मग नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग वाक्य. नळाला पाइप लावून त्याचं टोक पिंपातल्या पाण्यात बुडवून ठेवलं की धारेचा आवाज मरतो.

आवाज सुरू झाल्यावर काय करायचं? एका कानात इअरफोन लावून बोलणं ऐकणं (किस्से, कीर्तन, क्रिकेटची कॉमेंट्री) नुसत्या गाण्यापेक्षा बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, कारण मेंदूचा बोलणं ऐकणारा भाग गुंतून राहतो. मोठ्याने वाचणं, गुणगुणणं, मनात आकडे उलटे मोजणं हेही करून बघावं. १९८७ मध्ये काही पेशंटना तोंड मोठं उघडून धरल्यावर आवाज कमी झालेले दिसले, पण पुढे हा उपाय सगळ्यांना लागू पडला नाही. गुणगुणणं जास्त टिकलं, आणि लोकलमध्ये कुणी वळूनही बघत नाही. यातलं काहीही गोळीच्या ऐवजी नाही, गोळीच्या सोबत.

आवाज नव्याने सुरू झाले असतील तर सगळं स्किझोफ्रेनिया नसतं. म्हातारपणी ऐकू कमी यायला लागल्यावर भजनं किंवा गाणी ऐकू येणं हे बऱ्याचदा कानाचंच असतं, मशीन लावलं की कमी होतं. दारू सोडल्यावर एक-दोन दिवसांत आवाज, कापरं, घाम, म्हणजे थेट हॉस्पिटल. चांगल्या धडधाकट मुलीच्या वागण्यात काही दिवसांत एकदम बदल, त्यात फिट किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली, तर मेंदूला सूज आणणारा एनएमडीए ग्राहकांचाच एक आजार असू शकतो. तिथे वाट बघायची नाही, न्यूरॉलॉजिस्ट लागतो. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील तर त्याच दिवशी दाखवायचं. केईएम, नायर, सायन, जेजे, चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ओपीडीत दहा मिनिटं मिळतात, तेव्हा एका वहीत आठवडाभराचं लिहून न्या. आवाज किती वाजता आला, कुणाचा, काय म्हणाला, तेव्हा खोलीत दुसरं काय वाजत होतं, गोळी किती वाजता घेतली, विड्या किती झाल्या. नळ येण्याची वेळही लिहा.